रस्त्यावरचें इंजिन आणि पाण्यावरचें इंजिन

इ. स. १८८६ सालची गोष्ट. जर्मनींतील कान्स्टाट या गांवीं गॉटलीब डाइमलर व त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं पेट्रोलवर चालणारें एक लहानसें इंजिन तयार केलें होतें. तें त्यांनीं एका घोडागाडींत बसविलें आणि ती घोड्यावांचून चालविली. त्याच सालीं तसलेंच इंजिन एका नावेंत बसवून ती नेकार नदींत सोडली. मोटारगाडी आणि मोटारबोट या अशा रीतीनें जुळ्या बहिणी होत. लोकांना मात्र या नावेचें भय वाटलें. पेट्रोल हें क्षणांत भडकणारें द्रव्य. तें नावेच्या पोटांत घेऊन कोण बसणार? तेव्हां डाइमलरनें नावेच्या कडेनें तारा आणि चिनी मातीचे रोधक लावून ठेविले व ही नाव विजेवर चालते असा देखावा केला, अशी हकीकत सांगतात. या युक्तीनें लोकांची शंका फिटली. पण शंका खोटी होती असें मात्र म्हणतां येत नाहीं.

तेव्हांपासून आजतागायत हें जुळेंपण सुटलेलें नाहीं. अमेरिकेंत ज्या असंख्य मोटारबोटी सरोवरांतून व समुद्रकांठीं हिंडतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या इंजिनाचा ओतीव ठोकळा मूळचा मोटारीचाच असतो. शेव्हरोले कंपनीचें ३५० घनइंचांचें, म्हणजे ५·७ लिटरचें, आठ सिलिंडरांचें इंजिन कित्येक वर्षें मोटारींतहि धांवत होतें आणि बोटींतहि. अशा बोटीचा स्टार्टर एखादे दिवशीं बिघडतो. मालक सागरी सामानाच्या दुकानांत जातो आणि नव्या स्टार्टरची किंमत ऐकून त्याचे डोळे पांढरे होतात. मग तो मोटारीच्या सामानाच्या दुकानांत जातो. तेथें तोच आकार, तेवढेच दांते, बोल्टांचीं तींच छिद्रें असलेला भाग पुष्कळच स्वस्तांत त्याच्या पुढें ठेवण्यांत येतो. तो बसतो, इंजिन सुरू होतें, आणि पहिल्या दुकानदारानें आपणांस लुबाडण्याचा घाट घातला होता अशी मालकाची खात्री होते. हा ग्रह कितपत खरा आहे हें ठरविण्यासाठीं दोन्ही भाग उकलून पाहावे लागतात. आणि त्याहूनहि अधिक, ते ज्या जागीं बसतात ती जागा पाहावी लागते.

मोटारीचें इंजिन जेथें बसतें तें एक उघडें घर आहे. वर बॉनेटचें झांकण असलें तरी खालची बाजू रस्त्याकडे मोकळी असते, समोरून वारा येतो, पंखा फिरतो. कार्बुरेटरमधून चार थेंब पेट्रोल गळलें तर तें रस्त्यावर पडतें आणि त्याची वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. नावेची रचना याच्या अगदीं उलट. नावेच्या तळाला छिद्र असतां कामा नये, ही तर नावेची पहिली अट! म्हणजे इंजिन एका बंद परातींत बसविलेलें असतें. पेट्रोलचें बाष्प हवेपेक्षां तीन ते चार पट जड आहे; तें धुरासारखें वर जात नाहीं, पाण्यासारखें खालीं वाहतें आणि तळाशीं सांचून राहतें. वर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला कदाचित् त्याचा वासहि येणार नाहीं. हवेंत शेंकडा सुमारें १·४ पासून ७·६ पर्यंत हें बाष्प मिसळलें कीं मिश्रण स्फोटक होतें. प्रमाण याहून कमी असेल तर तें पेटत नाहीं, याहून अधिक असेल तरीहि पेटत नाहीं. पण या दोन मर्यादांच्या मध्यें एक बारीकशी ठिणगी पुरते.

आतां स्टार्टर म्हणजे काय? ती एक विजेची मोटार आहे. तिच्या आंत तांब्याच्या पट्ट्यांवर कोळशाचे ब्रश घांसत असतात आणि घांसतांना ठिणग्या उडतात. मोटारीच्या स्टार्टरला पाणी व तेल बाहेर पडण्यासाठीं, हवा खेळण्यासाठीं फटी ठेविलेल्या असतात. रस्त्यावर त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. नावेंत मात्र हा स्टार्टर इंजिनाच्या खालच्या अंगाला, म्हणजे नेमका जेथें बाष्प सांचतें तेथेंच बसलेला असतो. आणि तो फिरतो तो केव्हां, तर नाव रात्रभर झांकून ठेविल्यावर, पहिली किल्ली फिरवितांना. सागरी स्टार्टरचें कवच म्हणूनच बंद केलेलें असतें, आणि आंत शिरलेलें बाष्प पेटलेंच तरी ज्वाला बाहेर येणार नाहीं अशा रीतीनें त्याचे सांधे जुळविलेले असतात. अल्टरनेटरला थंडाव्यासाठीं हवा लागतेच, त्यामुळें तो सर्वस्वीं बंद करतां येत नाहीं. त्याच्या फटींवर म्हणून बारीक जाळी बसवितात. ठिणगी वांटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरलाहि अशीच व्यवस्था असते. हे भाग मोटारीच्या भागांशीं तंतोतंत जुळतात, कारण जुळणें हेंच त्यांचें काम आहे. त्यांतील अंतर डोळ्यांना दिसण्यासारखें नाहीं.

एवढ्याशा जाळीनें ज्वाला कशी अडते, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. त्याचें उत्तर इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत मिळतें. खाणींत साठणाऱ्या ज्वालाग्राही वायूला मजुरांच्या दिव्यानें आग लागून अनेकांचे प्राण जात. १८१५ सालीं सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानें दिव्याच्या ज्योतीभोंवतीं तारेच्या जाळीची नळी बसविली. चौरस इंचांत ७८४ छिद्रें असलेली जाळी त्यानें योग्य ठरविली. वायु जाळींतून आंत जातो, आंत जळतोहि. पण ज्वाला छिद्रांतून बाहेर पडूं पाहते तेव्हां तारांचें धातु तिची उष्णता ओढून घेतें, ती थंड पडते आणि विझते. कागदाखालीं जाळी धरून तिच्या खालीं काडी ओढली तर कागद लगेच पेटत नाहीं, हा प्रयोग शाळेंत पुष्कळांनीं पाहिलेला असतो. अल्टरनेटरवरची जाळी म्हणजे डेव्हीचा दिवाच होय. तिला कोणीं धूळ बसते म्हणून काढून टाकली तर त्यानें काय काढलें हें यावरून लक्षांत येईल.

याच तत्त्वावर आणखी एक भाग आहे, आणि तो मोटारींत मुळींच नसतो. इंजिन कधीं कधीं उलट खोकतें. म्हणजे सिलिंडरांतील ज्वाला हवा घेणाऱ्या वाटेनें उलटी कार्बुरेटरच्या तोंडाबाहेर येते. मोटारींत ती हवा गाळणाऱ्या कागदाच्या फिल्टरवर आदळते. फार तर फिल्टर जळतो. नावेंत कार्बुरेटरच्या तोंडावर धातूच्या पातळ पट्ट्यांची किंवा जाळीची टोपी बसवावी लागते. अमेरिकेनें तर यासाठीं कायदाच केला आहे: २५ एप्रिल १९४० नंतर नावेंत बसविलेल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाला अशी ज्वालारोधक योजना असलीच पाहिजे. नावेच्या मागें बाहेर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनांना त्यांतून सूट आहे, आणि तीहि सयुक्तिक आहे, कारण तें इंजिन मोकळ्या हवेंत असतें. त्याच्या खालीं परात नसते.

पेट्रोल चढविणाऱ्या पंपाची गोष्ट अधिक बोधक आहे. जुन्या पद्धतीच्या पंपांत एक रबराचा पडदा खालींवर होऊन पेट्रोल ओढतो. पडदा फाटला तर मोटारीच्या पंपाला खालीं एक बारीक छिद्र ठेविलेलें असतें. त्यांतून पेट्रोल रस्त्यावर ठिबकतें आणि मालकाला बिघाड कळतो. तोच पंप नावेंत बसविला तर तेंच छिद्र नावेच्या तळांत पेट्रोल सोडूं लागतें. सागरी पंपाला दोन पडदे असतात आणि त्या दोहोंमधून एक पारदर्शक नळी निघून कार्बुरेटरच्या तोंडाकडे जाते. पहिला पडदा फाटला तर पेट्रोल त्या नळींत दिसूं लागतें, आणि बाहेर न पडतां इंजिनांतच जळतें. कार्बुरेटरचेहि तसेंच. त्यांतील पेट्रोल उतूं गेलें तर मोटारीच्या कार्बुरेटरमधून तें बाहेर ओघळतें. सागरी कार्बुरेटरच्या हवानळ्या वांकवून तोंडाच्या आंत सोडलेल्या असतात. पेट्रोल नेणारी रबरी नळीसुद्धां वेगळी: अमेरिकेंतील अशा नळीच्या एका प्रमाणित जातीला प्रत्यक्ष आगींत अडीच मिनिटें तग धरावा लागतो. अडीच मिनिटांत माणूस उडी टाकूं शकतो. अलीकडील इंजिनांतून कार्बुरेटर गेला आणि विजेचा पंप व फवारे आले. तरी तळांत सांचणारें बाष्प कांहीं बदललेलें नाहीं, आणि किल्ली फिरविण्यापूर्वीं तळांतील हवा काढून टाकणारा पंखा निदान चार मिनिटें चालवावा हा नियमहि बदललेला नाहीं.

हें सर्व अतिसावधपणाचें वाटत असेल तर एक जुनी दुर्घटना आठवावी. इंग्रजांच्या नौदलानें पहिल्या पाणबुड्या केल्या तेव्हां त्यांच्या ‘ए’ वर्गांत वुल्झली या मोटारी करणाऱ्या कारखान्याचीं पेट्रोल इंजिनें बसविलीं. पाणबुडी म्हणजे तर वरूनहि बंद असलेली परात. बाष्पाची व विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून तेथें पिंजऱ्यांत पांढरे उंदीर ठेवीत. १६ फेब्रुवारी १९०५ रोजीं आयर्लंडांतील क्वीन्सटाउन बंदरांत ‘ए ५’ या पाणबुडींत पेट्रोल भरून झाल्यावर आंत सांचलेल्या बाष्पाचा स्फोट झाला. अकरा माणसांपैकीं सहा गेलीं. इंजिनाच्या कारागिरींत दोष होता असें नव्हे. तेंच इंजिन रस्त्यावर असतें तर कोणाच्या केसालाहि धक्का लागला नसता. पुढें १९०८ पासूनच्या ‘डी’ वर्गांत नौदलानें पेट्रोल सोडून डिझेल पत्करलें. पेट्रोलची वाफ शून्याखालीं ४० अंशांवरहि पेटूं शकते; डिझेल तेलाला पेटण्याजोगी वाफ सोडण्यासाठीं ५० अंशांच्याहि वर तापवावें लागतें. या एका फरकानें समुद्रावरील इंजिनाचा अर्धा इतिहास घडविला आहे.

अग्नीची कथा झाली. नावेचा दुसरा शत्रु सावकाश येतो, पण तो कोणालाच सोडीत नाहीं. तो म्हणजे मीठ.

समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्यांत दोन निरनिराळीं धातु एकमेकांना लागून राहिलीं म्हणजे काय होतें, हें माणसाला विजेचें शास्त्र कळण्याच्या आधींच कळलें होतें, आणि तेंहि पैसे मोजून. १७६१ सालीं इंग्रजांच्या ‘अलार्म’ नांवाच्या लढाऊ जहाजाच्या लांकडी तळाला, किडीपासून रक्षण व्हावें म्हणून, तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनीं तपासणी केली तेव्हां तांबें चांगलें होतें; पण तें ज्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकलें होतें ते खिळे झिजून नाहींसे होत चालले होते. कांहीं खिळे मात्र शाबूत होते, आणि ते कां, तर पत्र्याबरोबर आलेला वेष्टनाचा तपकिरी कागद त्या ठिकाणीं चुकून तसाच राहिल्यामुळें तांबें व लोखंड यांचा स्पर्शच झाला नव्हता! १८०० सालीं व्होल्टानें तांबें, जस्त व खारट पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा यांची चळत रचून वीज उत्पन्न केली, तेव्हां या कोड्याचा उलगडा झाला. दोन धातु आणि खारें पाणी म्हणजे विजेची बॅटरी. आणि बॅटरींत दोहोंपैकीं एक धातु नेहमीं खर्ची पडतें.

येथें पुन्हां तोच डेव्ही भेटतो. १८२४ सालीं त्यानें असें सुचविलें कीं, एक धातु खर्ची पडणारच असेल तर तें आपण होऊनच द्यावें: तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा, म्हणजे तो झिजेल आणि तांबें वांचेल. प्रयोग इतका यशस्वी झाला कीं तो सोडून द्यावा लागला. तांबें झिजत होतें तेव्हां त्याचा विषारी अंश पाण्यांत उतरून शेवाळ व शिंपले दूर राहत. तांबें झिजेनासें झालें आणि जहाजांच्या तळावर शेवाळाचें रान माजलें. तांब्याच्या बाबतींत बेत फसला, पण कल्पना टिकली. आज पोलादी जहाजाच्या तळावर, प्रॉपेलरच्या दांड्यावर आणि इंजिनाच्या थंडाव्याच्या नळ्यांतहि जस्ताचे ठोकळे किंवा कांड्या बसविलेल्या असतात. मोटारींत असा, केवळ झिजण्यासाठीं बसविलेला भाग शोधूनहि सांपडणार नाहीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे सागरी इंजिनाच्या अनेक लहानसहान भागांची किंमत उलगडते. सिलिंडराच्या ठोकळ्याला ओतकामाच्या वेळचीं गोल छिद्रें असतात. तीं वाटीच्या आकाराच्या बुचांनीं बंद करतात. मोटारींत हीं बुचें साध्या पोलादाचीं असलीं तरी चालतें, कारण रेडिएटरमध्यें गंज रोखणारें औषध घातलेलें पाणी फिरत असतें. ज्या नावेच्या इंजिनांत समुद्राचेंच पाणी फिरतें तेथें तीं पितळेचीं किंवा कांशाचीं घालावीं लागतात. नाहीं तर तीं आंतून कुरतडलीं जातात आणि एके दिवशीं भर समुद्रांत पाण्याची धार इंजिनाबाहेर येते. सिलिंडरवरील गॅस्केटांतील पत्राहि अशाच कारणानें बदललेला असतो. पाणी फिरविणाऱ्या पंपांतील फिरकी मोटारींत पातळ पोलादी पत्र्याची असते, नावेंत कांशाची.

पितळ आणि कांसें यांविषयीं येथें थोडें अधिक सांगणें अस्थानीं होणार नाहीं, कारण हीं दोन धातु घरोघर आहेत आणि तीं एकच होत असें समजण्याकडे पुष्कळांचा कल असतो. पितळ म्हणजे तांबें व जस्त. कांसें म्हणजे तांबें व कथील. समुद्राच्या पाण्यांत पितळेंतील जस्त हळूहळू निघून जातें आणि मागें तांब्याचा गुलाबीसर, स्पंजासारखा सांगाडा राहतो. आकार तोच, मापहि तेंच. पण बोटानें दाबलें तर तुकडा पडतो. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कथिलाची कल्हई लावतात ती आंबट पदार्थ कळकूं नयेत म्हणून. जहाजाच्या कामाच्या पितळेंत शेंकडा एक भाग कथील ओततांनाच मिसळतात, तें जस्त निघून जाऊं नये म्हणून. कल्हईवाल्याचें व नौदलाच्या ओतकाऱ्याचें औषध एकच निघावें, ही गंमतच म्हणावयाची.

समुद्राचें पाणी तापविण्यालाहि मर्यादा आहे. त्यांतील चुन्याचे क्षार पाणी तापेल तसे विरघळण्याऐवजीं बाहेर पडूं लागतात आणि बंबाच्या आंत बसते तशी पांढरी खपली धरते. म्हणून मोटारीचा थर्मोस्टॅट पाण्याला ८० ते ९० अंशांपर्यंत तापूं देतो, पण समुद्राचें पाणी थेट फिरविणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट सुमारें ६० अंशांवरच उघडतो. मोटारीचा थर्मोस्टॅट तेथें बसतो, अगदीं बरोबर बसतो, आणि दोन हंगामांत पाण्याच्या वाटा खपलीनें बुजवूं लागतो. यावर चांगला उपाय म्हणजे इंजिनांत गोडें पाणीच फिरवावयाचें आणि तें नळ्यांच्या एका पेटींत समुद्राच्या पाण्यानें थंड करावयाचें. तेथें समुद्राचें पाणी ओढण्यासाठीं रबराच्या पाकळ्यांची फिरकी असलेला पंप असतो. ही फिरकी पाण्याशिवाय फिरली तर थोड्याच वेळांत तापून फाटते. इंजिन आंत घेण्याचा नळ उघडण्यास विसरणारे खलाशी तिला फार चांगले ओळखतात.

आणखी एक ठिकाण पाण्याचें आहे आणि तें सर्वांत फसवें आहे: धूर बाहेर नेणारी बिडाची नळी. मोटारीची ही नळी तापून लाल झाली तरी तिच्यावर वारा असतो. बंद नावेंत तसें होऊं देतां येत नाहीं, म्हणून तिच्याभोंवतीं पाण्याचें वेष्टन असतें आणि शेवटीं तें पाणी धुरांतच सोडून दोन्ही एकदम बाहेर घालवितात. खाऱ्या पाण्यानें हें बीड आंतून गंजतें. बाहेरून रंग चकचकीत असतांना कांहीं वर्षांनीं आंतील भिंत फुटते आणि पाणी सिलिंडरांत उतरतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; पिस्टन वर येतो तेव्हां पोलादी दांडाच वांकतो. याच भयानें सागरी इंजिनाचा झडपा उघडणारा कॅमशाफ्टहि वेगळा घडवितात. वेगवान् मोटारींत धूर सोडणारी व हवा घेणारी अशा दोन्ही झडपा कांहीं काळ एकदम उघड्या राहतील अशी योजना असते. नावेंत हा काळ थोडा ठेवतात. नाहीं तर मंद गतीला इंजिन धुराच्या वाटेनें पाणी मागें ओढूं शकतें.

अग्नि आणि मीठ यांच्या खालोखाल येतो तो श्रम. सपाट रस्त्यावर ताशीं ८० किलोमीटरनें जाणाऱ्या सामान्य मोटारीला सुमारें १५ ते २० अश्वशक्ति पुरतात, मग तिच्या इंजिनांत शंभर कां असेनात. उतार आला कीं पाय सैल सोडतां येतो. पाण्यावर उतार नाहीं. पंख्याचे फेरे दुप्पट करावयाचे तर शक्ति सुमारें आठपट लागते, आणि पाण्यावर उचलून धांवणारी बोट आपल्या इंजिनाच्या शक्तीचा फार मोठा भाग तासन्‌तास खर्चीत असते. खंडाळ्याचा घाट भरल्या मोटारीनें चढावयाचा, आणि तो कधीं संपावयाचाच नाहीं, अशी कल्पना केली म्हणजे या श्रमाची अटकळ येईल. झडपा व त्यांच्या बैठका यांचें धातु म्हणूनच अधिक कणखर घेतात. दोन इंजिनांच्या बोटींत एक पंखा उजवीकडे व एक डावीकडे फिरावा यासाठीं कांहीं वेळां एक इंजिनच उलटें फिरणारें घेतात. त्याचा कॅमशाफ्ट, स्टार्टर, फार काय तेल अडविणारी रबरी कडीदेखील उलट दिशेची असते. अशा इंजिनाला मोटारीचा कॅमशाफ्ट आणून बसविणारा मनुष्य पैसे वांचवीत नाहीं.

इतकें असूनहि जुळेंपण खरेंच आहे. याचा उत्तम दाखला दुसऱ्या महायुद्धांत मिळाला. जनरल मोटर्सनें १९३८ सालीं ‘६-७१’ नांवाचें डिझेल इंजिन काढलें. सहा सिलिंडर आणि प्रत्येक ७१ घनइंचांचा, असा त्या नांवाचा अर्थ. तें बसगाड्यांत व मालमोटारींत चालत होतें. त्याचा ठोकळा दोन्ही बाजूंनीं सारखा घडविलेला असल्यामुळें जोडकामाचे भाग हव्या त्या बाजूला बसवितां येत आणि इंजिन उलटसुलट कोणत्याहि दिशेनें फिरणारें करतां येई. डेट्रॉइटच्या ग्रे मरीन कारखान्यानें त्यालाच सागरी पंप, थंडाव्याची पेटी आणि पुढें-मागें चालविणारा गिअर जोडला, आणि जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरविणाऱ्या हिगिन्स बोटींतून तें धडधडत गेलें. पोटांतले पिस्टन, दांडे, बेअरिंगें हे सगळे बसगाडीचेच. बाहेरचा साज मात्र समुद्राचा.

आपल्या कोंकणकिनाऱ्यावर आज जे मच्छीमारी ट्रॉलर ससून डॉक, मिरकरवाडा किंवा मालवण येथें लागतात, त्यांचीहि हीच रीत आहे. मालमोटारी करणाऱ्या अशोक लेलँडसारख्या कारखान्यानेंहि सागरी डिझेल इंजिनें काढलीं आहेत. डिझेलमुळें बाष्पाच्या स्फोटाचें भय येथें पुष्कळच कमी. म्हणून ट्रकचा स्टार्टर बसविला तर तो गंजेल, पण नाव उडविण्याचें भय तसें नाहीं. पेट्रोलच्या लाँचमध्यें मात्र तीच काटकसर करतां कामा नये. बंदरांतील अनुभवी मिस्त्री हा विवेक बरोबर जाणतो. पिस्टन, कडीं, बेअरिंगें, तेलाचा फिल्टर, पट्टा हीं तो मूळ ठोकळ्याचा क्रमांक पाहून ट्रकच्या सामानांतून बेलाशक घेतो, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकत नाहीं. अशा भागांवर केवळ ‘सागरी’ हा शिक्का मारून अधिक किंमत मागणारा दुकानदार खरोखरच लुबाडतो. पण खाऱ्या पाण्याला शिवणारा भाग, पेट्रोलच्या लाँचमध्यें ठिणगी पाडणारा किंवा पेट्रोल वाहणारा भाग, आणि पंख्याचा रेटा सोसणारा गिअर यांच्या बाबतींत तो तडजोड करीत नाहीं. गिअरचें कारण सहज ध्यानांत येत नाहीं: मोटारीच्या गिअरबॉक्सला केवळ फिरावयाचें असतें, पण नावेचा पंखा पाण्याला जितक्या जोरानें मागें लोटतो तितक्याच जोरानें दांड्याला पुढें लोटतो, आणि सबंध नाव त्या रेट्यावर चालते. तो रेटा अंगावर घेणारें बेअरिंग सागरी गिअरांत वेगळें बसविलेलें असतें.

जस्ताचे ठोकळे या सर्वांत स्वस्त, आणि दुर्लक्षहि सर्वांत अधिक त्यांच्याकडेच होतें. नाव शाकारणीसाठीं किनाऱ्यावर ओढली कीं ते तपासावे. निम्मे झिजले असतील तर नवे लावावे. जेथें नाव बहुतेक काळ खाडीच्या मचूळ पाण्यांत उभी राहते तेथें जस्तापेक्षां अॅल्युमिनियमचे ठोकळे अधिक चांगलें काम देतात. आणि तळाला रंग देतांना हौशी रंगारी पुष्कळदां या ठोकळ्यांवरूनहि कुंचला फिरवितो. रंगाखालीं झांकलेला ठोकळा झिजत नाहीं, आणि तो झिजला नाहीं म्हणजे त्याच्याऐवजीं प्रॉपेलर झिजूं लागतो.